तक्रार केली तर आईचे हाल होतील का?

"मॅडम, आई म्हणते, मला इथं जेवायलाच देत नाहीत. पण मी काही बोललो, तर माझ्या माघारी तिच्यावर राग काढतील ना?"

थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. मी एका सेवाभावी ट्रस्टच्या शुश्रूषा केंद्रात समुपदेशन करते. बरेच वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. आमच्याकडे येतात ते अंथरुणाला खिळलेले, नाकात नळी असलेले, स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेले. हे गृहस्थ चिंचवडला कंपनीत नोकरीला, आई मंगळवेढ्याकडची, वय 81. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कर्मचाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "आजी विसरतात हो, आत्ताच तर जेवल्या." तेही खोटं नव्हे. स्मृतिभ्रंशात जेवून उठल्यावर अर्ध्या तासात ते विसरणं नेहमीचंच. पण तेवढ्यावर विषय मिटवायला माझी तयारी नसते. मी आजींच्या वजनाची नोंद मागवली. मागच्या महिन्यात 46 किलो, या महिन्यात 43.5. महिनाभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर डॉक्टरांनी बघायलाच हवं.

मुलाला म्हटलं, "रविवारी चारला येता, तसे नको. मधल्या वारी संध्याकाळच्या जेवणाला या." तो साडेसहाला आला. मऊ भात, वरण, दुधीची भाजी. एक मावशी आठ जणांना भरवत होत्या. आठला त्यांची पाळी संपणार, त्याआधी डायपर बदलायचे, दर दोन तासांनी कूस बदलायची तीही वेळ झालेली. आजी एकेक घास बराच वेळ तोंडात घोळवायच्या. "पुरे का आजी?" म्हटलं की मान हलवायच्या. आजी कशालाही तशीच मान हलवतात, हे नव्या मावशींना ठाऊक नव्हतं. ताट अर्धं परत जात होतं. शिवाय कवळी सैल झालेली, हे घरच्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं, गिळताना ठसका लागत नाही याची खात्री केली. कवळी दुरुस्त झाली. संध्याकाळी आजींना सगळ्यांत शेवटी, रात्रपाळीच्या मावशी सावकाश भरवू लागल्या. चार वाजता नाचणीची खीर, दुपारी आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी. स्वयंपाकघरातून कुरकुर आली, एकीला भाकरी दिली की बाकीचेही मागतील. मागितलीच! आता आठवड्यातून दोनदा भाकरी होते. (वाढदिवसाला अन्नदान करणारे मात्र अजून जिलेबीच आणतात, आणि मधुमेहींची यादी त्यांच्या हाती देईपर्यंत वाटून झालेली असते.)

आता राग काढण्याबद्दल. असं कुठेच होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण मी जास्त वेळा पाहिलंय ते वेगळं. नातेवाइकानं सगळ्यांदेखत मावशींवर आवाज चढवला, की त्या त्या खाटेकडे जायला कचरतात. त्यामुळे मावशींशी वाद घालू नका, इन्चार्ज सिस्टरशी बोला. "तुम्ही लक्ष देत नाही" याला उत्तर नसतं. "वजन किती आहे, ताटात किती उरतं, भरवतं कोण" याला द्यावंच लागतं. तारीख घालून लेखी द्या. दाद मिळाली नाही तर विश्वस्तांना भेटा; ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो, हेही लक्षात ठेवा. अंगावर वळ दिसले, पाठीची जखम तुमच्यापासून लपवली गेली, तर मात्र वाट पाहू नका. 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि आईला तिथून हलवण्याची तयारीही त्याच दिवशी सुरू करा.

पुढच्या महिन्यात आजींचं वजन 44.5 भरलं. तक्रार थांबलेली नाही. जेवायला देत नाहीत असं त्या आता गावाकडच्या बहिणीला फोनवर सांगतात, आणि मावशी भाच्याला फैलावर घेते. तो पुन्हा माझ्याकडे आला. मी म्हटलं, "वजनाच्या वहीचा फोटो मावशीला पाठवू नका, पटणार नाही. त्यांनाच एकदा दुपारच्या जेवणाला घेऊन या. भरवू द्या त्यांनाच."