वडील घरी आले की आमच्या पॉमेरेनियनचा श्वास अडकतो. हा दमा आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील शेतातून लातूरच्या घरी आले की तुमचं चार वर्षांचं पॉमेरेनियन आनंदानं नाचतं आणि मधेच ताठ उभं राहून नाकातून खर्र-खर्र हवा ओढायला लागतं. अर्ध्या मिनिटात थांबतं आणि परत खेळायला लागतं. शेजारी म्हणतात दमा आहे, खोकल्याचं औषध पाजा. ते औषध आधी बाजूला ठेवा, मग पुढचं वाचा. माणसांच्या खोकल्याच्या आणि सर्दीच्या औषधांत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि ते कुत्र्याच्या लिव्हरला घातक आहे.

मी मराठवाड्यातच जनावरांचा डॉक्टर आहे. दवाखान्यात गाई-म्हशींच्या रांगेत आता पॉमेरेनियन, पग, शिह त्झूही असतात आणि त्यांना कडेवर घेऊन आलेली रडवेली माणसं हेच सांगतात. तुमच्या वर्णनावरून हा दमा वाटत नाही. याला उलटी शिंक म्हणतात. शिंकेत हवा बाहेर फेकली जाते, इथे ती झटक्यानं आत ओढली जाते. नाकाच्या मागचा, टाळूच्या वरचा भाग चाळवला की तिथले स्नायू आवळतात. मान लांब, कोपरं बाहेर, डोळे वटारलेले. बघणाऱ्याला वाटतं, आता हे जातंय. पण झटका सरला की कुत्रं पूर्ववत होतं आणि त्याला सहसा औषध लागत नाही.

झटका आला की सगळ्यांनी भोवती गोळा होऊन ओरडू नका, त्यानं ते अजून बिथरतं. जवळ बसून गळा हलक्या हातानं वरून खाली चोळा. नाकपुड्या क्षणभर बोटानं झाकल्या की ते आवंढा गिळतं आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतं. तोंडात बोटं घालू नका, पाणी ओतू नका. वडिलांनाही सांगा, आल्या आल्या उचलून घेऊ नका. हातपाय धुवा, ते शांत झालं की मग जवळ घ्या.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आवाज नीट ऐका. नाकातून आत ओढल्याचा घरघर आवाज असेल तर ठीक. पण बदक ओरडावं तसा कोरडा, खणखणीत खोकला येत असेल, विशेषतः उड्या मारल्यावर, पाणी प्यायल्यावर किंवा पट्टा ओढला गेल्यावर, तर श्वासनलिका दबत असण्याची शक्यता आहे. लहान जातींत नलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि नळी चपटी होते. उत्साहात श्वास जोरात चालतो, तेव्हा ती जास्त दबते. म्हणून गळ्यातला पट्टा आजच काढा आणि छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. दुसरं, वजन. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून मिळणारी बरीच कुत्री खरंतर इंडियन स्पिट्झ असतात, लहान चणीचं साधारण 5 ते 7 किलोचं. पोळी-तूप आणि चहासोबतची बिस्किटं खाऊन ते 10 किलोवर गेलं, तर गळ्याभोवतीची चरबीही नळीवर भार टाकते. नुसतं वजन उतरवल्यावर खोकला निम्म्यावर आलेली कुत्री मी पाहिली आहेत.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून, आणि अरुंद नळीतून धापा टाकल्या की आतून सूज चढते. तेव्हा दुपारी फिरवणं बंद. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर हे दुप्पट लागू.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीचा भुस्सा घरात येतो, वडिलांच्या कपड्यांवरून तर नक्कीच. त्यानंही उलट्या शिंका वाढतात. पण एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पू येत असेल, कुत्रं सारखं नाक घासत असेल, तर कुसळ आत गेलेलं असू शकतं. ते आपोआप निघेल म्हणून वाट बघू नका.

जीभ किंवा हिरड्या जांभळ्या पडल्या, झटका थांबतच नाही, कुत्रं चक्कर येऊन पडलं, तर रात्र असली तरी गाडी काढा. वय 8 च्या पुढे असेल आणि खोकला रात्री वाढत असेल, तर हृदयाची झडपही तपासावी लागते. गाढ झोपेत श्वास मोजून बघा. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असेल तर दाखवा.

आणि पुढचा झटका आला की घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर शूटिंग करायला सांगा. दवाखान्यात आल्यावर कुत्रं हमखास ठणठणीत असतं आणि आम्हाला नुसत्या वर्णनावर अंदाज करावा लागतो. एक्स-रे काढायची वेळ आली तर श्वास आत घेताना आणि सोडताना असे दोन्ही काढायला सांगा, कारण दबलेली नळी एकाच फोटोत निसटू शकते. जवळ सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारा. लातूरहून उदगीर जवळ पडेल.