डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, जळगाव एमआयडीसीत बायोडेटा देऊनही फोन येत नाही, काय बदलू?

आधी वरचा भाग बदला. वडिलांचं नाव, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती ही माहिती लग्नाच्या बायोडेटाची. नोकरीच्या कागदावर ती मोक्याची जागा खाते. तिथे नाव, चालू मोबाईल नंबर, ईमेल, गाव-तालुका आणि कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते लिहा. त्याखाली दोन ओळींत तुम्हाला नेमकं काय येतं ते.

खरी मेहनत इथेच घ्या. 'मेहनती, प्रामाणिक' सगळेच लिहितात, त्यातून सुपरवायझरला काहीच कळत नाही. 'व्हर्निअर, मायक्रोमीटरने मोजमाप; ऑटोकॅडमध्ये टू-डी ड्रॉइंग; लेथवर टर्निंग, थ्रेडिंग' असं लिहा. पाइप किंवा ठिबकच्या कारखान्यात अर्ज असेल आणि ट्रेनिंगमध्ये एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून पाइप काढणारं मशीन) हाताळला असेल, तर तो पहिल्या ओळीत. दालमिलला देताना मोटर, बेअरिंग, बेल्ट यांच्या देखभालीचं काम वर घ्या. म्हणजे प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा कागद. झेरॉक्सचा एकच गठ्ठा वाटू नका. न येणारं मात्र लिहू नका, मशीनसमोर उभं केल्यावर लगेच उघडं पडतं.

प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा कोणता, ते सांगा. शिक्षण उलट क्रमाने: डिप्लोमा, मग दहावी; वर्ष आणि टक्के पुरेत. शिफ्टची तयारी आणि दुचाकी असल्यास जरूर लिहा. भुसावळ-चोपड्याहून येणाऱ्याला हे विचारतातच.

फ्रेशरला एक पान पुरतं. पुण्या-नाशिकला ऑनलाइन पाठवताना पीडीएफच करा, वर्ड फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर विस्कटू शकते. टेबल आणि दोन कॉलम टाळा, कंपन्यांच्या बायोडेटा चाळणाऱ्या काही सॉफ्टवेअरला ते नीट वाचता येत नाहीत. फाईलला नाव आणि पद द्या.