हात मोजण्याआधी

चिरंजीवास,
सप्रेम आशीर्वाद.

गावच्या पाणी वापर संस्थेचा सचिव म्हणून तुझी निवड झाल्याचे वाचून समाधान वाटले. माजलगाव कालव्याला पुढच्या वेळी पाणी सुटेल त्या आवर्तनाची शेजपाळी, म्हणजे कोणाच्या शेताला केव्हा पाणी द्यायचे याचा क्रम, सभेत हात वर करून ठरवावी, असे तू लिहितोस. ही पद्धत सोपी आणि बिनखर्चाची आहे. मात्र ती कोणत्या प्रश्नाला लावायची, याचा विचार आधी करावा लागतो.

वार्षिक हिशेब किंवा चारीची साफसफाई यांसाठी हात पुरेसे आहेत. शेजपाळीचे तसे नाही. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची गाडीवाट हेडच्या, म्हणजे सुरुवातीच्या टोकाच्या, बागायतदाराच्या बांधावरून जाते, पेरणीला ट्रॅक्टरही त्याचाच येतो. अशा माणसाचा हात कानापर्यंत जातो, मग फेटा सारखा करून खाली येतो. तू मोजशील तो हात मताचा नसून भिडेचा असेल.

हे ओळखूनच दारूबंदीच्या प्रश्नावर गावातील महिलांना शासनाने गुप्त मतदान दिले. उभी बाटली (दारूचे दुकान चालू) की आडवी (दुकान बंद), हे शिक्का मारून ठरते आणि आडवी बाटली जिंकायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, म्हणजे घरी बसलेली बाई नकळत दुकानाच्या बाजूने धरली जाते. पारावर सासरे आणि दुकानदार समोर असताना किती हात वर गेले असते, याची कल्पना तू करू शकतोस. म्हणून शेजपाळीसाठी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेव.

जिथे हातच वर करायचे तिथे ठराव एका वाक्यात दोनदा वाचून दाखव. मोजणीला दोन्ही बाजूंचा एकेक माणूस घे आणि मोजून होईपर्यंत हात खाली घेऊ देऊ नकोस. बाजूने, विरोधात आणि तटस्थ असे तिन्ही आकडे स्वतंत्र विचार. त्यांची बेरीज हजेरीच्या सह्यांशी जुळलीच पाहिजे. “कोणाचा विरोध आहे का?” असे घाईने विचारून, कोणी बोलले नाही म्हणजे “सर्वानुमते मंजूर” असे इतिवृत्तात लिहिण्याची आपल्याकडची जुनी खोड मला मुळीच मान्य नाही. (अनेक सभांचे इतिवृत्त तर सभेआधीच लिहून तयार असते, हे तुला लवकरच दिसेल.) आकडे त्याच बैठकीत वाचून दाखव आणि सूचक-अनुमोदकांच्या सह्या लोक उठण्यापूर्वी घे.

कळावे.