फनोम रुंगसाठी बुरिराम शहरात राहू नका, नांग रोंगला राहा

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या सुरुवातीला थायलंडमधल्या फनोम रुंग या जुन्या देवळातला सूर्योदय बघायचाय आणि एजंटने बुरिराम शहरात स्टेडियमजवळचं हॉटेल देऊन 'देऊळ बुरिराममध्येच आहे' असं सांगितलंय. वाचून पोटात गोळा आला, कारण हेच वाक्य आम्हाला बँकॉकच्या एका टूर ऑफिसात ऐकवलं होतं. नाव लिहीत नाही. अहो, बुरिराम हा अख्खा प्रांत आहे! देऊळ पार दक्षिणेला, कंबोडियाच्या बाजूला, शहरातून गाडीने तासाच्या वर. पहाटे गाडी पाठवतो म्हणाले ती उजाडल्यावर आली, वर पोचेपर्यंत सूर्य चांगला चढलेला. देवळाचे १५ दरवाजे एका रेषेत आणि त्यातून आरपार येणारं ऊन, वर्षातून मोजक्याच दिवशी दिसतं ते, आई खास त्यासाठी आलेली. फोन केला तर म्हणे 'उद्या जा', आणि परतीची तिकिटं त्यांनीच त्याच रात्रीची काढलेली. पैसे जाऊ देत, साधं सॉरी नाही. अजून राग येतो.

म्हणून माझं मत, हॉटेल आत्ताच बदला. नांग रोंगला राहा, बँकॉकहून थेट बस आहे, तिथून देऊळ अर्ध्या तासावर. विमानाने जाणार असाल तर एअरपोर्ट शहराच्याही उत्तरेला आहे, म्हणजे अजून लांब. गाडीवाला आदल्या दिवशी स्वतः भेटून ठरवा. आणि ढग आले तर काहीच दिसत नाही, तेव्हा हातात दोन सकाळी ठेवा.

सूर्य नाही दिसला तरी देऊळ सोडू नका. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं शिवमंदिर आहे, मुख्य शिखर १२व्या शतकातलं, कंबोडियातलं अंगकोर वाट मंदिर बांधणारा राजा सूर्यवर्मन दुसरा याचा नातलग नरेंद्रादित्य याच्या काळातलं. पूर्वेच्या दारावर नटराज, त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू. ही पट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली, शिकागोच्या म्युझियममध्ये सापडली आणि थाई लोकांनी भांडून १९८८ मध्ये परत आणली. आत नंदी बघून आई हात जोडून उभीच राहिली. वेळ असेल तर डोंगराखालचं मुआंग ताम हे देऊळ पण करा, चार कोपऱ्यांत चार तळी आणि काठाला दगडी नाग, मला तर तिथली शांतता जास्त आवडली.

जाता जाता, चारोएन सुक गावात ज्वालामुखीच्या मातीत रंगवलेलं कापड मिळतं, बँकॉकच्या मॉलमधल्या शॉपिंगपेक्षा ते घ्या.

एक मात्र, मी काही टूरवाला नाही, वेळा-भाडी बदललेली असू शकतात. २०२५ मध्ये थाई-कंबोडिया सीमेवर लढाई झाली तेव्हा याच प्रांतातल्या बान क्रुआतची गावं रिकामी करावी लागली होती, त्यामुळे तिकिटं काढायच्या आधी सीमेच्या बातम्या बघाच. आणि एजंट हॉटेल बदलायला नाही म्हणाला तर त्याचं उत्तर इथे टाका, काय लिहायचं ते सांगतो.