फोनला दिसणारं ५ गिगाहर्ट्झ वायफाय लिनक्स लॅपटॉपला का दिसत नाही?

तुमचं म्हणणं असं की नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये राउटर चॅनल १०० वर आहे, नाव लपवलेलं आहे, फोन लगेच जोडतो पण लॅपटॉपला नेटवर्क कधी दिसतं कधी नाही, आणि ड्रायव्हर पॅच करून किंवा वायफायच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका टाकून काम होईल का. नाही होणार. ड्रायव्हर बिघडलेला नाहीये, तो मुद्दाम गप्प बसलाय.

५२ ते १४४ हे चॅनल रडारचे आहेत, वायफाय तिथे पोटभाडेकरू. राउटरने सुरू होण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं (युरोपात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ या हवामान रडारच्या पट्ट्यात १० मिनिटं), रडार सापडलं की १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. लॅपटॉपच्या कार्डात रडार ओळखायची सोय सहसा नसतेच, म्हणून त्याला सोपा नियम, आधी राउटर बोलताना ऐकू आला तरच तोंड उघडायचं. त्यामुळे जवळच्या ओझरच्या विमानतळाला दोष देऊ नका, तुमचा लॅपटॉप रडार शोधतच नाहीये.

आता स्कॅनमध्ये काय होतं बघा. चॅनल ३६ वर कार्ड स्वतः प्रोब (म्हणजे 'कोण आहे?' अशी हाक) पाठवून विचारतं आणि पटकन उत्तर घेऊन पुढे जातं, १०० वर मात्र फक्त कान देऊन बसतं. बीकन, म्हणजे राउटरची 'मी इथे आहे' ही घोषणा, साधारण दर १०२ मिलीसेकंदाला येतो आणि लिनक्सचं मॅक८०२११ (वायफाय सांभाळणारा भाग) तिथे जेमतेम १११ मिलीसेकंद थांबतं, म्हणजे एका फेरीत एकच बीकन हाती लागणार, तो हुकला की नेटवर्क गायब. त्यात तुम्ही नाव लपवलंय, म्हणजे बीकन आला तरी नावाची जागा रिकामी, नाव कळायला प्रोब पाठवायला हवा आणि प्रोबलाच तर बंदी! काही चिपचं फर्मवेअर (चिपमधलंच सॉफ्टवेअर) बीकन ऐकल्यावर मग नाव घेऊन विचारतं, तुमच्या फोनमध्ये बहुधा तेच होत असणार.

देश बदलून फायदा नाही कारण १०० वर अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये सगळीकडे रडारचा नियम आहेच. २००९ मध्ये सॅन हुआन विमानतळाच्या हवामान रडारला ५ गिगाहर्ट्झच्या उपकरणांचा त्रास झाला तेव्हापासून अमेरिकावाले तर याबाबत फारच कडक झालेत. आपल्याकडे ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झचा पट्टा, ज्यात चॅनल १०० येतो, २०१८ मध्ये विनापरवाना झाला. तरी टर्मिनलमध्ये 'आयडब्ल्यू रेग गेट' (iw reg get) चालवून बघा, देश ०० (म्हणजे देश ठरलेलाच नाही) दिसला तर ५ गिगाहर्ट्झ सगळंच नो-आयआर, म्हणजे स्वतःहून बोलायला बंदी, असतं, अगदी ३६ सुद्धा. फरक एवढाच की ३६ वर बीकन ऐकू आला की कर्नल (लिनक्सचा गाभा) बंदी उठवतो, रडारच्या चॅनलवर उठवत नाही. इंटेलच्या नव्या कार्डांवर तिथे 'सेल्फ-मॅनेज्ड' दिसेल, म्हणजे देश फर्मवेअरच आजूबाजूच्या राउटरवरून ठरवतं, देश बदलायच्या तुमच्या 'रेग सेट' आज्ञेला तिथे कोणी विचारत नाही.

तेव्हा आधी नाव लपवणं बंद करा, तसंही त्याने सुरक्षा काडीची वाढत नाही. मग राउटर ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढे न्या, पण चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झच ठेवा, ३६ वर १६० केलीत की ५२ ते ६४ आपोआप आत येतात आणि राउटरची ती ६० सेकंदांची वाट बघणं पुन्हा सुरू.