सर्पगंधेने ब्लड प्रेशर उतरतं हे सिद्ध झालंय, मग डॉक्टर ती का देत नाहीत?

तुम्ही विचारलंय: "सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय म्हणतात. मग डॉक्टर ती का लिहून देत नाहीत? वडिलांची रोजची गोळी बंद करून सर्पगंधेचं चूर्ण सुरू केलं तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, चालणार नाही. गोळी परस्पर बंद करू नका. मी डॉक्टर नाही, फार्मसीच्या मुलांना वनौषधी शिकवतो, पण एवढं सांगायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न मात्र मला मनापासून आवडला. एरवी मला ज्या वनस्पतींबद्दल विचारतात, त्यांच्या "संशोधना"त उंदरांवरचे चार प्रयोग आणि उत्पादकाचं माहितीपत्रक यापलीकडे फारसं काही नसतं. सर्पगंधेचं तसं नाही. आपल्याकडच्या मुळ्यांमध्ये हिच्याइतकी कसून तपासणी क्वचितच कुणाची झाली असेल. ती परीक्षेत पास झाली, आणि पास झाल्यामुळेच तिचे दोषही जगाला नेमके कळले. डॉक्टर ती देत नाहीत यामागे ही दोन्ही कारणं आहेत.

बिहारकडे या मुळीला लोक सरळ "पागल की दवा" म्हणत. वेडाच्या झटक्यात आवरेनाशा झालेल्या माणसाला ती देत, साप चावल्यावरही देत. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिलं, की हिच्याने वेड तर शांत होतंच, शिवाय वाढलेला रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी या मुळीतून एकेक अल्कलॉइड (वनस्पतीतलं, शरीरावर जोरदार परिणाम करणारं रसायन) वेगळं काढत होते. त्यातल्या एकाचं नाव त्यांनी कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन ठेवलं. हे अजमलीन आजही वापरात आहे. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा एक आजार असतो, तो साध्या ईसीजीत कधीकधी लपून राहतो. अशा वेळी युरोपातल्या बऱ्याच रुग्णालयांत शिरेतून अजमलीन देऊन ईसीजी बदलतो का ते पाहतात.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि वर्गात हा भाग सांगताना मी नेहमी रेंगाळतो. सिद्दीकींच्या हाती लागलेली अल्कलॉइडं स्वच्छ, स्फटिकरूप होती. कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला आवडावीत अशी. पण मुळीचा जो गुंगी आणणारा, शांत करणारा गुण होता, तो त्यांच्यात सापडेना. पुढे कोलकात्यातल्याच मंडळींच्या लक्षात आलं, की स्फटिक काढून घेतल्यावर मागे जो चिकट, राळेसारखा चोथा उरतो, गुण त्यात आहे. आता राळ म्हणजे प्रयोगशाळेतली नकोशी गोष्ट. भांड्याला चिकटते, गाळणीतून उतरत नाही, शुद्ध करता करता जीव मेटाकुटीला येतो. त्या राळेतून नेमका पदार्थ बाहेर यायला १९५२ साल उजाडलं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला सीबा कंपनीच्या मुलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तो काढला. तेच रेसर्पिन, मुळीतलं रक्तदाब उतरवणारं मुख्य द्रव्य. चारच वर्षांनी अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत पूर्णपणे बनवूनही दाखवलं.

या दोन टप्प्यांच्या मधला दुवा मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील हे केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना या मुळीच्या गोळ्या दिल्या आणि आलेले निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. तोवर आपल्याकडे वैद्य आणि डॉक्टर दोघंही सर्पगंधा वापरत होतेच, पण बाहेरच्या जगाला तिचा पत्ता नव्हता. हा निबंध वाचून बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळी मागवली, आपल्या रुग्णांवर वापरली आणि मग पाश्चात्त्य देशांत तिची एकच धूम उठली. वकिलांना १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातल्या सर्वांत मानाच्या पुरस्कारांपैकी हा एक. आपल्याकडे त्यांचं नाव डॉक्टरमंडळी सोडल्यास फार कुणाला ठाऊक नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता "सिद्ध झालं" म्हणजे काय, तेही पाहू. १९६० च्या दशकात रक्तदाब उतरवल्याने माणूस खरंच वाचतो का, याबद्दलच डॉक्टरांमध्ये मतभेद होते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये एडवर्ड फ्राइस यांनी त्याची चाचणी घेतली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. खरं औषध म्हणजे तीन औषधांचं मिश्रण, आणि त्यातलं एक रेसर्पिन. १९६७ साली निकाल आला: पोकळ गोळीवाल्यांमध्ये गंभीर घटना २७, औषधवाल्यांमध्ये २. फरक इतका उघड होता, की चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली. आज तुमच्या वडिलांना "बीपीची गोळी चुकवू नका" असं जे बजावलं जातं, त्याच्या पायाशी ही चाचणी आहे आणि त्या चाचणीत सर्पगंधेचा अंश आहे. गोळी सोडून मुळीकडे वळावं म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मग अडलं कुठे?

रेसर्पिन काम कसं करतं ते कळलं की उत्तर मिळतं. मज्जातंतूंच्या टोकाला सूक्ष्म पिशव्या असतात. नॉरअ‍ॅड्रिनलिन, डोपामिन, सिरोटोनिन हे निरोप पोचवणारे पदार्थ त्यांत साठवलेले असतात. या पिशव्यांत माल भरणारा जो पंप असतो, तो रेसर्पिन बंद पाडतं. कोठाराचं दार बाहेरून लावून घेतल्यासारखं. माल आत जात नाही, बाहेर पडून राहतो आणि नासतो. नॉरअ‍ॅड्रिनलिन कमी पडलं की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. आपल्याला हवं ते झालं. पण तो पंप तिन्ही पदार्थांसाठी एकच आहे, आणि रेसर्पिन मेंदूतही शिरतं. त्यामुळे नाक चोंदतं, सुस्ती येते, पोटात आम्ल वाढून अल्सर चिघळतो, मात्रा जास्त झाली तर माणूस उदास होतो, हातपाय पार्किन्सनच्या रुग्णासारखे जड पडतात. दार एकदा बंद झालं की नव्या पिशव्या तयार होईपर्यंत ते उघडत नाही, म्हणून औषध थांबवलं तरी परिणाम कितीतरी दिवस मागे रेंगाळतो.

ही खोड विज्ञानाच्या मात्र कामी आली. १९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं तो पदार्थ, टोचलं आणि ते पुन्हा हलूफिरू लागले. डोपामिन मेंदूत स्वतंत्रपणे निरोप्याचं काम करतं, हे त्यातून पुढे आलं, आणि पार्किन्सनवर आज देतात त्या लेव्होडोपाची वाट तिथून सुरू झाली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

रेसर्पिनची गादी गेली ती मात्र काहीशी अन्यायाने, असं माझं मत आहे. सुरुवातीच्या काळात डॉक्टर आजच्या मानाने भरमसाट मात्रा देत. उदासीची बहुतेक बदनामी त्या काळातली. १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये एकदम तीन अभ्यास आले, की रेसर्पिन घेणाऱ्या बायकांना स्तनांचा कर्करोग जास्त होतो. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. तुलनेसाठी घेतलेल्या गटातून हृदयरोगाचे रुग्ण वगळल्यामुळे मुळातच हिशेब चुकला होता, हेही नंतर दाखवून दिलं गेलं. पण एकदा नाव खराब झालं की झालं. तोवर बीटा ब्लॉकर या गटातली रक्तदाबाची नवी औषधं आली होती, मग एन्लाप्रिल, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या आल्या. त्या रक्तदाब उतरवतात आणि मेंदूला सहसा हात लावत नाहीत. जुन्या, स्वस्त रेसर्पिनची बाजू मांडण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? आपल्याकडे अ‍ॅडेल्फेन नावाची रेसर्पिनयुक्त गोळी खूप चालायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कुणाला तरी नाव आठवेल. २००९ साली औषधांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने सगळ्या चाचण्या धुंडाळल्या, तेव्हा रेसर्पिन एकटंच देऊन पोकळ गोळीशी नीट तुलना केलेल्या जेमतेम चार सापडल्या, एकूण रुग्ण २३७. वरचा आकडा सरासरी आठच्या आसपास उतरला होता. म्हणजे औषध काम करतं. पण त्याच्याहून सोयीची औषधं हाताशी असताना डॉक्टर त्याच्याकडे वळत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हे झालं रेसर्पिनचं. तुम्ही विचारताय चूर्णाबद्दल, आणि तिथे मामला आणखी अवघड होतो.

थोडा हिशेब करू. रेसर्पिनची रोजची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असते. चांगल्या मुळीत रेसर्पिन साधारण ०.१ ते ०.१५ टक्के भरतं. म्हणजे एक ग्रॅम चूर्णात एक ते दीड मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने सुकलेल्या मुळीच्या चूर्णाची मात्रा सुरुवातीला दिवसाला २०० मिलिग्रॅम सांगितली आहे, म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग, तोही विभागून. तो स्वयंपाकघरातल्या चमच्याने कसा मोजणार? "सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा" असं कुणी सांगितलं, तर ते किती पट होतंय याचा विचार करा. उदासी आणि अंग जड पडणं ही जुन्या काळातली दुखणी नेमकी याच पट्ट्यात यायची.

शिवाय मुळी मुळीत फरक असतो. प्रॅक्टिकलला आम्ही मुलांच्या हातात सुकी मुळी देतो. वेडीवाकडी, बोटाएवढी, वरून करडी-पिवळट, उभ्या सुरकुत्यांची. मोडली की खटकन तुटते, आतलं लाकूड फिक्कट असतं. वास जवळजवळ नाहीच, पण जिभेला लागली तर कडवटपणा बराच वेळ जात नाही. बहुतेक सगळी अल्कलॉइडं त्या वरच्या सालीत असतात, आतल्या लाकडात फार थोडी. त्यामुळे खणताना, धुताना, वाहतुकीत साल झडली तर उरलेल्या मुळीचं चूर्ण दिसायला चूर्णच असतं, पण त्यात दम नसतो. उलट बारीक, सालीने भरलेल्या मुळ्यांचं चूर्ण जास्त जालीम. एकाच दुकानातली दोन पाकिटं सारखी निघतील याची खात्री कशी द्यायची?

भेसळ वेगळीच. हिच्याच गोतातली रौवोल्फिया टेट्राफायला ही वनस्पती सहज मिळते, तिच्या मुळ्या यात मिसळतात. अख्खी मुळी असेल तर आडवा काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पकडता येते. खऱ्या सर्पगंधेच्या बुचाच्या थरात लहान-मोठ्या पेशींचे पट्टे आलटून पालटून दिसतात आणि सालीत दगडासारख्या कठीण पेशी सापडत नाहीत. दळून पाकिटात भरलेल्या चूर्णात हे घरबसल्या ओळखणं अशक्य. भेसळ होण्याचं कारणही उघड आहे: औषध मुळात, त्यामुळे काढणी म्हणजे झाड उपटणं. बी नीट उगवत नाही. जंगलातली सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली, की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार निर्बंध आहेत.

आयुर्वेदातला जाणता वैद्य रुग्ण तपासून, विश्वासातल्या ठिकाणची मुळी, मोजून आणि नजर ठेवून देत असेल, तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त वडील आधीपासून कोणत्या गोळ्या घेतात हे त्या वैद्यांना, आणि वैद्य काय देतात हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. वडिलांना पूर्वी कधी नैराश्य आलं असेल, अल्सर असेल, पार्किन्सनची गोळी चालू असेल, तर सर्पगंधेचा विचारही नको. चूर्ण सुरू झालंच असेल तर ते पाकीट डॉक्टरांना नेऊन दाखवा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण भुलेखाली रक्तदाब अचानक खाली येऊ शकतो.

आणि वडिलांना गोळी का सोडायचीये, ते एकदा त्यांना विचारा. "जन्मभर गोळी खायची" याचा कंटाळा असेल, तर मुळीही जन्मभरच खावी लागेल. पण पाय सुजतात, कोरडा खोकला थांबत नाही असलं काही असेल, तर तो त्या विशिष्ट गोळीचा परिणाम असू शकतो. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, एन्लाप्रिल-रॅमिप्रिलने खोकला येतो, हे डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा, ती वही घेऊन जा आणि गोळी बदलून मागा.