दोघंही नोकरी करतो. रोज रात्री घरी स्वयंपाक करावा, बाहेर जेवावं की मागवावं? पैसे आणि तब्येत, दोन्ही बघता काय बरं पडेल?

तुमच्या प्रश्नात "घरी स्वयंपाक करावा" एवढंच आहे. कोणी करावा, ते नाही. माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच अडकलंय.

आमच्याकडेही दोघांची नोकरी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी सोफ्यावर बसून "घरीच करू या, स्वस्त पडतं, पोटालाही बरं" असं म्हणायचो आणि बायको उठायची. हिशेब अर्थातच स्वस्त निघायचा, कारण तिचा दीड तास मी कुठेच धरलेला नसायचा. एकदा तिनं शांतपणे सांगितलं, "आठवडाभर तू कर, मग बोलू स्वस्त-महाग." तिसऱ्या दिवशी मी जेवण मागवलं.

गंमत म्हणजे त्या दिवशी मला शिजवायचा कंटाळा आला नव्हता. सिंकमध्ये सकाळची कढई पडली होती. तळाला करपलेलं, वर पाणी ओतून ठेवलेलं, पाण्यावर तेलाचा तवंग. ती घासल्याशिवाय काही सुरूच करता येणार नव्हतं. तिच्याकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला.

तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाक हे एक काम नाहीच. काय करायचं ते ठरवणं, सामान आणणं, निवडणं-चिरणं, शिजवणं आणि शेवटी आवरणं, अशी ती पाच कामं आहेत. त्यातलं शिजवणं सगळ्यात सुखाचं, आणि बराचसा वेळ तर गॅसच राबत असतो. माणूस थकतो तो पहिल्या आणि शेवटच्या कामाला. जेवण मागवलं की शेवटचं टळतं (डबे टाकायचे, तेही काम आहेच म्हणा), पण पहिलं टळत नाही, उलट वाढतं. त्या रात्री मी ८ वाजून १० मिनिटांनी ॲप उघडलं. हे बघ, ते बघ, याचे शेरे वाच, त्यात घरपोच शुल्क माफ व्हायला थोडी रक्कम कमी पडत होती म्हणून नको असलेला एक गोड पदार्थ टाक, असं करत ऑर्डर गेली ८ वाजून ३५ मिनिटांनी. जेवण आलं ९ वाजून २५ मिनिटांनी. म्हणजे सव्वा तास. तेवढ्यात कढई घासून, भात टाकून, दोन अंडी परतून, जेवून मी मोकळा झालो असतो.

आता पैशांचं. घरचं स्वस्त हे खरं, पण लोक सांगतात तेवढं नाही. भाजीचा हिशेब करताना आपण खाल्लेली भाजी धरतो, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पिवळी पडून फेकलेली धरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. हॉटेलांतून नव्हे, घरांतून. रविवारी उत्साहात पिशवी भरून भाजी आणायची आणि सोमवार ते गुरुवार मागवून खायचं, ही सगळ्यात महागडी पद्धत. दोन्हीकडचे पैसे जातात. रोज घरी करणं जमत नसेल तर आधी खरेदी कमी करा. कांदे, बटाटे, अंडी, तांदूळ, डाळ एवढं कायम घरात ठेवा. ते आठ दिवस तुमची वाट बघू शकतं. पालेभाजी आणायची ती ज्या दिवशी करणार त्याच दिवशी.

बाहेर जेवायला गेल्यावर "हे घरी तिसऱ्या हिश्शात झालं असतं" असं म्हणणारा एकजण प्रत्येक टेबलावर असतो. त्याचं गणित बरोबर आहे. हॉटेलच्या धंद्यात पदार्थाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा साधारण तिसरा हिस्साच धरतात. बाकीचे पैसे पगार, जागा, गॅस आणि वीज यांचे असतात. पण त्या पैशांत कोणीतरी तुमची पाचही कामं करतं आणि पदार्थ कढईतून उतरल्या उतरल्या समोर येतो. घरी आम्ही दोघं ताट हातात धरून दोन स्क्रीनकडे बघत जेवतो; बाहेर निदान समोरासमोर बसतो. त्यामुळे बाहेर जायचं तर ठरवून, सावकाश, पंधरवड्यातून एकदा. भूक लागली म्हणून नाही.

मागवण्यात हेच सुख हरवतं, पैसे मात्र हॉटेलचेच लागतात आणि वर डबा, पोहोचवणं वगैरे. पुष्कळदा तोच पदार्थ ॲपवर हॉटेलातल्यापेक्षा महाग असतो. कधी ताडून बघा. शिवाय कुरकुरीत काही मागवूच नये. बंद डब्यात वाफ कोंडते, झाकणाला पाणी सुटतं आणि तळलेलं सगळं अर्ध्या तासात मऊ पडतं. रस्सा किंवा भात प्रवास बरा सोसतो. तरीही तळलेलं मागवलंच, तर आल्या आल्या झाकण काढा आणि कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परता. मायक्रोवेव्हमध्ये ते आणखी मरगळतं.

तब्येतीचं म्हणाल तर मी मिठाकडे बघतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. बाहेरच्या स्वयंपाक्याला पहिला घास चविष्ट लागायला हवा असतो, तुमचा रक्तदाब हा त्याचा विषय नाही. घरी निदान हात आपला असतो. आता माझाच हात तेलाला सैल आहे, त्यामुळे "घरचं म्हणजे पौष्टिक" हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आमचं गाडं रुळावर आलं ते दुप्पट करण्यानं. डाळ, भात, उकडलेले बटाटे, जे करू ते दोन वेळचं. दुसऱ्या दिवशी ठरवायचं काम संपलेलं असतं, आणि तेच तर नको असतं. एक पथ्य मात्र पाळा, विशेषतः भाताच्या बाबतीत. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात तसाच ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून पातेलं रात्रभर बाहेर ठेवू नका. पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. भात दुसऱ्या दिवशी संपवून टाका, आणि खाताना चांगला वाफाळेपर्यंत गरम करा.

पाळ्यांचे तक्ते आम्ही दोनदा केले, दोनदा फसले. टिकला तो एकच नियम: जो शिजवतो तो घासत नाही, आणि कढई सिंकमध्ये ठेवून कोणी झोपत नाही. मागवणं बंद केलेलं नाही. एकाला ताप आहे, दोघंही दहाला घरी येतोय, अचानक चार माणसं आली, अशा वेळी बिनदिक्कत मागवतो. त्यासाठी दोन ठिकाणं आणि चार पदार्थ आधीच ठरलेले आहेत. ॲप उघडून शोधायचं नाही.

काल रात्री शिजवायची पाळी माझी होती. शिळा भात अंड्यांत परतताना फोन आला आणि कढईच्या तळाला लागला. घासायची पाळी तिची होती. तिनं कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मीच घासली.